आज्जीच्या मरणाचं पिठलं

आमची आई बहिरी आहे, अशी आमच्या घरमालकिणीची, इंदूआक्काची, पक्की खात्री होती. ती गोठ्यातून हाक मारायची, "ओ निपाणीकर वैनी!" आणि आई आपली चुलीपुढं भाकरी थापत बसलेली, ढिम्म. दुसऱ्या हाकेलाही तेच. मग मी नाहीतर माझा धाकटा भाऊ बाळू तिचा पदर ओढायचो, तेव्हा कुठं ती दचकून "आलो, आलो" करत पिठाच्या हातानं बाहेर धावायची. इंदूआक्का हळहळायची. "तरणीताठी बाई, आणि कान गेलं बघा," असं गल्लीत सांगायची. एकदा तर लसणाची पाकळी घालून कढवलेलं तेल वाटीतून घेऊन आली, आईच्या कानात घालायला. आईनं ते मुकाट घालून घेतलं. काय करणार! कान तिचे ठणठणीत होते, पण 'निपाणीकर' ही हाक आपल्याला आहे हेच तिच्या डोक्यात शिरायला वेळ लागायचा. आडनाव आमचं नव्हतंच ते.

आम्ही कांबळे. निपाणीत हे कुणाला सांगावंही लागत नव्हतं आणि लपवावंही लागत नव्हतं, कारण अख्खी गल्लीच आमची होती, बौद्धांची. आज्जी तंबाखूच्या वखारीत कामाला होती, आई घरी विड्या वळायची, आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, वीज खात्यात वायरमन. त्यांची बेळगावला बदली झाली तेव्हा गल्लीनं त्यांना हार घातला, पेढे वाटले. बेळगावात मात्र खोली मिळेना. आप्पा ड्यूटी संपली की सायकलवर टांग मारून हिंडायचे. खोली रिकामी असायची, खिडकीतून नवा चुना दिसायचा, मालक गोडीगुलाबीनं बोलायचा, पाणी विचारायचा, आणि मग म्हणायचा, "आडनाव काय म्हणालासा?" ते सांगितलं की नेमका त्याच खोलीत त्याचा भाचा राहायला येणार असायचा. त्या साली बेळगावात किती भाचे राहायला आले असतील, देव जाणे! शेवटी अनगोळात, म्हशींच्या गोठ्यामागं, इंदूआक्काच्या दोन खोल्या होत्या. ती विधवा बाई, दूध घालून पोट भरणारी. तिनंही तेच विचारलं, आणि आप्पांच्या तोंडून निघून गेलं, "निपाणीकर." ठरवून बोलले नव्हते ते. आई म्हणायची, दमलं होतं गं बिचारं माणूस. इंदूआक्का म्हणाली, "या की मग," आणि किल्ली काढून दिली.

खोटं बोलणं ही गोष्ट म्हशीसारखी असते, एकदा दावणीला बांधली की रोज वैरण घालावी लागते. नाव सांगितलं, पण नुसत्या नावावर कुठलं भागतंय? पहिल्याच आठवड्यात इंदूआक्का ताकाचं भांडं घेऊन आली आणि दारात बसून सहज म्हणाली, "तुमचं कुळदैवत कोण म्हणायचं?" आप्पा ओसरीवरून म्हणाले, "जोतिबा." त्याच दमात आतून आई म्हणाली, "यल्लम्मा." दोघांनीही देव सोडून किती वर्षं झाली होती, कुठला धरायचा यावर बोलणं करून घ्यायचं राहून गेलं होतं. मग आप्पा म्हणाले, "जोतिबा माझा, यल्लम्मा हिच्या माहेरची." इंदूआक्काला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण आई त्यानंतर आतल्या खोलीत बराच वेळ तोंडात पदर कोंबून हसत होती, आणि आप्पा तिच्यावर डोळे वटारत होते.

दुसरी फजिती श्रावणातली. आमच्या घरी उपासतापास बंद झालेले, त्यामुळं सोमवार काय नि मंगळवार काय, आईला सगळे वार सारखे. श्रावणी सोमवारी सकाळी तिनं तव्यावर सुकट भाजायला घेतली. तो वास! गोठा ओलांडून, तुळशीला वळसा घालून तो थेट इंदूआक्काच्या देव्हाऱ्यात शिरला. ती नाकाला पदर लावून आली. "वैनी, सोमवार की हो आज! सुकट कुणाच्यात भाजायल्यात?" आईनं तवा चुलीमागं ढकलला होता. मी पुढं झाले आणि म्हणाले, "मांजरानं आणली कुठनं तरी. चुलीतच टाकली बघा मेल्यानं." माझ्या तोंडून निघालेलं पहिलं सफाईदार खोटं ते. इंदूआक्कानं मांजराला चार शिव्या हासडल्या आणि गेली. आईनं माझ्याकडं पाहिलं. रागावली नाही, शाबासही म्हणाली नाही. पण दुपारी माझ्या ताटात सुकट जरा जास्त वाढली, एवढं मला नक्की आठवतं.

पुढं मुख्याध्यापकीण झाल्यावर माझ्याकडं पालक यायचे, पोराचा कान धरून. "बाई, हे लई खोटं बोलतंय बघा, कुणावर गेलंय कळंना." मी पोराला बाहेर पाठवायची आणि पालकाला विचारायची, "दारात नको असलेला माणूस आला की 'बाबा घरात न्हाईत म्हणून सांग जा' असं याला कोण सांगतं?" पालक खिडकीबाहेर बघायला लागायचे. पोर खोटं बोलायला घरीच शिकतं, मांडीवर बसून, आपल्याच माणसाला वाचवायला. त्याला ती मदत वाटते. मलाही वाटली होती. मी आईला वाचवलं होतं, आणि माझ्या ताटात सुकट होती.

आमच्या घरी रविवारी संध्याकाळी वंदना व्हायची. निपाणीत ती विहारात, लाउडस्पीकर लावून. अनगोळात आप्पा आधी दाराला कडी घालायचे, मग खिडकी लावायचे, मग पलंगाखालची ट्रंक ओढून तिच्यातल्या पातळांच्या घड्यांखालून बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर काढायचे. मेणबत्ती लावायची आणि आम्ही चौघं कुजबुजत पंचशील म्हणायचो. बाळूला कुजबुजता येत नसे. त्याचा आवाज चढला की आई त्याच्या तोंडावर हात ठेवायची. तो मग दुसऱ्या दिवशी हौदावर अंघोळ करताना उट्टं काढायचा. तांब्यातांब्यानं पाणी ओतत "बुद्धं सरणं गच्छामि" असं खणखणीत आवाजात! इंदूआक्कानं विचारलं तर आई म्हणायची, "रेडिओवर ऐकतोय ओ, काय बी गातोय."

एका रविवारी वंदना झाल्यावर मी आप्पांना विचारलं, "मुसावादा वेरमणी म्हंजे काय ओ?" मला पाठ होतं, अर्थ माहीत नव्हता. आप्पा मेणबत्ती विझवत होते. म्हणाले, "खोटं बोलणार न्हाई, असा त्येचा अर्थ." मी म्हणाले, "मग आपण दार लावून कशाला म्हणतोय?" आप्पांनी तसबीर पातळात गुंडाळली, ट्रंकेत ठेवली, ट्रंक पलंगाखाली ढकलली, आणि मग दाराची कडी काढली. मला त्यांचा राग आला. आज कीव येते, आणि मायाही. त्या माणसानं आयुष्यात दुसरं खोटं केलं नाही. विजेचे खांब चढून चढून त्यांच्या पोटऱ्यांना गाठी आल्या होत्या, आणि ह्या एका शब्दासाठी ते रोज संध्याकाळी गल्लीत शिरताना मान खाली घालायचे.

माझी शाळा मुद्दाम लांबची निवडली होती, बेळगावच्या मध्यवस्तीत, अनगोळातलं एकही पोर जात नसेल अशी. कारण शाळेत माझं नाव खरं होतं, शालन कांबळे. सकाळी बसमध्ये चढताना मी निपाणीकर असायची आणि उतरताना कांबळे. तिथं सातवीला आम्हाला सामंतबाई होत्या. खानापूरकडच्या, उंच, सुती लुगडं, आवाज एकदम मऊ. त्यांची शिकवायची एक गंमत होती. एकदा वर्गातला पृथ्वीचा गोल टेबलावरून पडला आणि दुभंगला. बाई आत आल्या. बाकीचे मास्तर असते तर पहिला सवाल "कुणी केलं?" आणि हातात छडी; मग काय, साऱ्या वर्गाचं बोट खिडकीबाहेरच्या वाऱ्याकडं! बाईंनी विचारलं, "काय झालं?" असं विचारलं, जणू कुणाला लागलं-बिगलं का, ते बघायला. पांढऱ्याफटक पडलेल्या दोन पोरी उठल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. बाई म्हणाल्या, "बरं, आता चिकटवायचा कसा?" मग ते दोन तुकडे आणि खळीचं भांडं मध्ये घेऊन सगळा वर्ग जमिनीवर बसला. चिकटलेल्या गोलात आफ्रिका जराशी वाकडी बसली होती. वर्षभर आम्ही त्याच गोलावर भूगोल शिकलो.

बाई स्वतःचंही लपवत नसत. एकदा फळ्यावर गणित चुकलं, तर पुसून न टाकता त्याच्याशेजारी लिहिलं, 'इथे माझी चूक झाली,' आणि तास संपेपर्यंत तसंच ठेवलं. मला ते बघवेना. एवढ्या मोठ्या बाईनं आपली चूक अशी दोरीवर वाळत घालावी? आमच्या घरात तर तसबीरसुद्धा पातळाखाली. मी बाईंच्या मागं मागं करायला लागले, फडकं धुऊन आणायचं, खडू आणायचे. एकदा त्यांनी विचारलं कुठं राहतेस, तेव्हा मी खरं तेच सांगितलं, "अनगोळला, इंदूआक्काच्या गोठ्यामागं." खरं सांगितल्यामुळं आपलं कधी घर बुडेल असं मला वाटलं नव्हतं.

आता ते घडलं ते सांगते. निपाणीला मावशीच्या पोराचं बारसं होतं. आम्ही सगळे गेलो, शाळा बुडली. येताना आज्जीलाही घेऊन आलो, इथल्या दवाखान्यात डोळे दाखवायला. सोमवारी बाईंनी विचारलं, "शालन, आली नव्हतीस?" बारशाला गेले होते, एवढं सांगायचं. त्याला कोण कशाला रागावतंय? पण माझी जीभ एव्हाना सराईत झाली होती. कुणी काही विचारलं की ती आधी वळसाच घ्यायची. मी खाली बघून म्हणाले, "आज्जी वारली." आणि म्हटल्यावर मला रडूही आलं, खरं खरं. खोटं ह्या थराला जातं. सुरुवातीला भीतीनं बोलतो, मग सवयीनं, आणि मग त्याचं आपल्यालाच खरं वाटायला लागतं. बाईंनी मला जवळ घेतलं. त्यांच्या लुगड्याला कापराचा वास येत होता. मला अगदी बरं वाटलं, लाज कशी वाटली नाही ते आज कळत नाही.

तिकडं आज्जी आमच्या उंबऱ्यावर पाय पसरून, दाताला मिश्री घासत, ठणठणीत बसलेली होती. आल्या दिवसापासून तिचं आप्पांवर तोंड सुटलं होतं. "नाव बदलाय ते काय धडूतं हाय व्हय रं? उसवलं की टाकलं, दुसरं घातलं?" आप्पा म्हणायचे, "हळू गं आये." ती अजून मोठ्यांदा म्हणायची, "मी हळूच बोलालोय!" वखारीतल्या बायकांना हळू बोलता येत नाही.

आमच्या भागात मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून ओळखीपाळखीची माणसं पिठलं-भाकरी करून नेतात. कडू घास म्हणतात त्याला. ही रीत मला माहीत होती. आज्जीला मारताना ती आठवली नाही, एवढंच.

शनिवारी सकाळची शाळा. दुपारी मी अंगणात दोरीवरची चादर काढत होते. इंदूआक्का भिंतीकडेला शेणी थापत होती, आज्जी उंबऱ्यावर, आई आत. फाटक वाजलं. चादरीच्या कडेनं बघते तर सामंतबाई! एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेला डबा. मी चादर काढायची सोडून तिच्यामागं उभी राहिले.

"अहो, कांबळ्यांचं घर हेच ना?" बाईंनी इंदूआक्काला विचारलं.

"कांबळे?" इंदूआक्काचा शेणाचा हात तसाच थांबला. "हितं कुठलं कांबळे? हितं निपाणीकर ऱ्हात्यात."

"शालन कांबळे हो. माझ्या वर्गात आहे. तिची आज्जी वारली ना, म्हणून भेटायला आले. मला जरा उशीरच झाला."

"शालन हाय," इंदूआक्का म्हणाली, आणि वळून उंबऱ्याकडं बघायला लागली. "पर आज्जी तर..."

आज्जीनं मिश्रीची पिंक टाकली. "कोण वारली?"

बाईंनी आज्जीकडं पाहिलं. मग चादरीकडं पाहिलं. चादरीखालून माझे दोन पाय दिसत असणार. मग त्यांनी इंदूआक्काच्या कपाळावर चढलेली आठी पाहिली. बाई हुशार. एका क्षणात त्यांना सगळं कळलं, माझं शाळेतलं खोटंही आणि त्याच्या खालचं घरातलंही. आणि आपण आत्ता काय बोलून बसलो, तेही. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "अगं बाई," त्या अडखळत म्हणाल्या, "माझाच घोटाळा झाला वाटतं. पत्ता चुकला. ती... ती शालन वेगळी."

सामंतबाई खोटं बोलत होत्या! फळ्यावर स्वतःची चूक लिहून ठेवणाऱ्या बाई! आणि किती वाईट बोलत होत्या, त्यांना येतच नव्हतं. डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेत होत्या, नजर जमिनीवर. मला वाचवायला बोलत होत्या. मी सुकट वाचवायला बोलले होते ना, अगदी तसंच. त्यांचं ते तोंड मला बघवलं नाही हो. मार खाल्ला असता, घर गेलं असतं तरी चाललं असतं, पण माझ्यापायी बाईंनी असं तोंड करून उभं राहू नये. मी चादर बाजूला केली.

"बाई, पत्ता बरोबर आहे," मी म्हणाले. "आम्हीच कांबळे. आणि आज्जी मेलेली न्हाई."

"मेली न्हाई ते दिसालंय की," आज्जी म्हणाली.

आई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं चौकट धरली. बाई माझ्यासमोर आल्या, छत्री भिंतीला टेकवून ठेवली आणि त्यांच्या त्याच मऊ आवाजात म्हणाल्या, "काय झालं, शालन?"

असं विचारल्यावर काय राहतंय पोटात! आप्पांची सायकल, ते भाचे, ते एक नाव, जोतिबा आणि यल्लम्मा, सुकट आणि बिचारं मांजर, ट्रंकेतली तसबीर, बारसं, सगळं मी तिथं अंगणात उभी राहून हुंदके देत ओकून टाकलं. आईच्या कानांचं तेवढं सांगायचं राहिलं. बोलून झाल्यावर मला एकदम भूक लागली, ते अजून आठवतं.

इंदूआक्कानं हात बादलीत बुडवून धुतले. "फसिवलंसा की मला," ती आईला म्हणाली. "ताक दिलं, तेल दिलं. जातीचं न्हवं ओ, माझं त्यात काय न्हाई. पर खोटं बोललासा, त्येचं वाईट वाटालंय."

आई मान खाली घालून उभी. उत्तर आज्जीनं दिलं, आणि चक्क हळू आवाजात. "वाईट वाटलंच पायजे. चूक माझ्या पोराचीच हाय. पर इंदे, एक इचारतो, खरं सांगशील? पयल्या दिशी त्येनं खरं नाव सांगितलं असतं, तर दिली असतीस खोली?"

गोठ्यातली म्हैस हंबरली तरी इंदूआक्कानं तिकडं पाहिलं नाही. ती स्वतःच्या ओल्या हातांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "न्हाई. नसती दिली."

"झालं तर मग," आज्जी म्हणाली. "दोन्ही घरं खरं बोलली. आता बाई, आणा तो डबा हिकडं."

"आज्जी, अहो तो..." बाई ओशाळल्या.

"माझ्या मयताचा हाय न्हवं? मग मलाच खाऊ द्या की." तिनं फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवून तोंडात घातला आणि डोळे मिटून चावला. आम्ही सगळ्या बघत उभ्या. "झ्याक झालंय," ती म्हणाली. "मीठ जरा कमी पडलं. मेलेल्याला काय कळतंय म्हणून घातलं न्हाईसा व्हय?" आधी बाई हसल्या. मग आई चौकटीला धरून हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. इंदूआक्का हसली नाही. पण तिनं जाताना आतून मिठाची वाटी आणून आज्जीपुढं ठेवली, आणि गोठ्यात गेली.

संध्याकाळी आप्पा आले तेव्हा इंदूआक्का फाटकातच उभी होती. "पोरांची परीक्षा होऊ द्या," ती म्हणाली, "मग बघा दुसरीकडं. शेजारी माझं दीर-जावा हाईत. मला ऐकून घ्यावं लागंल." आप्पा "बरं" म्हणाले. घरात आले, पँटीचा क्लिप काढला, पाणी प्याले. आईनं सगळं सांगितलं. मी कोपऱ्यात, आता कानाखाली बसतेय म्हणून गाल आवळून. आप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "शाले, हातोडी आण."

त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढली, तसबीर काढली आणि भिंतीत खिळा ठोकायला लागले. ठण, ठण, ठण. सगळ्या गोठ्याला ऐकू जाईल असे. आई म्हणाली, "आता जायाचंच हाय, कशाला दुसऱ्याच्या भिंतीत खिळा?" आप्पा म्हणाले, "हाय तवर हाय." तसबीर टांगली, दोन पावलं मागं सरकून बघितली आणि मटकन खाली बसले. "लई हलकं वाटालंय गं," ते म्हणाले. "लई हलकं." मी त्यांना तसं हसताना निपाणी सोडल्यापासून पाहिलं नव्हतं.

पुढचे रविवार आम्ही दार सताड उघडं ठेवून वंदना केली. आप्पांचा आवाज एवढा मोठा आहे हे मला तेव्हा कळलं. बाळूच्या तोंडावर आता कुणी हात ठेवत नव्हतं, तर बेटा लाजून कुजबुजायला लागला! सोमवारी शाळेत गेले तेव्हा बाईंनी मला काहीच शिक्षा केली नाही. म्हणाल्या, "आज्जींना सांग, पुढच्या वेळी मीठ बघून घालीन." आणि थोड्या वेळानं, "मी त्या दिवशी खोटं बोलले, शालन. घाबरले होते." एका शिक्षकानं सातवीतल्या पोरीला हे सांगावं! पुढं माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी वर्गात पाय ठेवताना आधी ते दोन शब्द मनात घोळवायची, "काय झालं?" पोरं माझ्यासमोर खोटं बोलली नाहीत असं नव्हे, चिक्कार बोलली. पण खरं सांगायला परत आली.

खोली शोधताना आप्पा आता फाटकातूनच सांगायचे, "मी कांबळे. खोली हाय काय?" पुन्हा पुष्कळ भाचे उपटले. आप्पा सायकल वळवायचे आणि घरी येऊन आईला हसत सांगायचे, "आज दोन भाचं भेटलं." मग शाळेच्या वाटेवर एक म्हातारे गृहस्थ भेटले. आप्पांनी नाव सांगितलं आणि वाट बघत उभे राहिले. म्हातारा म्हणाला, "कांबळे व्हय? बरं. नळाला पाणी सकाळीच येतंय बघा, भरून ठेवावं लागंल." आप्पांनी तिथंच सायकल स्टँडला लावली.

आम्ही निघालो तेव्हा हातगाडीवर सामान रचलं. पलंग, ट्रंक, सगळ्यात वर तसबीर, बाळूच्या मांडीवर. भिंतीतला खिळा तसाच राहिला. त्या सगळ्या दिवसांत इंदूआक्कानं आम्हाला दूध दिलं, पण आईला नावानं हाक मारली नव्हती. कुठल्या नावानं मारायची, हा तिलाही प्रश्नच पडला असेल. निघताना ती घरातून बाहेर आली नाही. आईनं दोनदा मागं वळून पाहिलं आणि मग चालायला लागली. गाडीची चाकं खडीवर खडखडत होती, आप्पा आणि गाडीवाला आरडाओरडा करत होते, आम्ही गल्लीच्या टोकाला पोचलो होतो.

मागून आवाज आला. मोठा नव्हताच तो. शेजारच्या दिराला ऐकू जाऊ नये, इतपतच.

"कांबळे वैनी, वरवंटा ऱ्हायला."

आई जागच्या जागी थांबली आणि गर्रकन वळली. फाटकात इंदूआक्का दोन्ही हातांत वरवंटा धरून उभी होती, आणि आईकडं आ वासून बघत होती.

"अय्यो!" ती म्हणाली. "ऐकू येतंय की ओ तुम्हाला!"

आई झपाझप परत गेली, तिच्या हातातून वरवंटा घेतला, आणि हसून म्हणाली, "येतंय की. पयल्यापासनंच येतंय."